वाक्याच्या पोटातली वाक्यं

एका कागदावर माझ्या नवऱ्याची सही हवी होती. एप्रिलचे दिवस होते, दुपारी कूलर लावावा की लावू नये अशा बेताचं ऊन. त्याची शेवटची विद्यार्थिनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तो कागद घालून आमच्या इंदिरा नगरच्या घरी आली. पीएचडीच्या प्रबंधात सुरुवातीला गाईडचा दाखला लागतो. हे काम हिचंच आहे, ते माझ्या देखरेखीखाली झालं आहे, वगैरे. दाखला इंग्रजीत होता आणि तो अख्खा दाखला म्हणजे एकच वाक्य. नऊ ओळी उतरून खाली जावं तेव्हा कुठे पूर्णविराम भेटतो.

ते वाक्य मूळ कोणी लिहिलं हे त्यांच्या संस्थेत कोणालाच ठाऊक नाही. एका प्रबंधातून दुसऱ्यात ते जसंच्या तसं उतरत आलंय. नाव बदलायचं, शीर्षक बदलायचं, तारीख घालायची. वाचत कोणी नाही. गाईड सही करतात, विद्यार्थी लाडू वाटतात आणि संपतं.

"सर, बस एक साइन चाहिए," मुलगी म्हणाली.

नवऱ्यानं कागद घेतला आणि तो वाचायला बसला. मी चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, कपात ओतला, बाहेर आणला, तिनं तो घेतला, तिचा पिऊन झाला, त्याचा गार झाला, त्यावर साय धरली, आणि हा अजून वाचतोच आहे. शेवटी त्यानं कागद फोल्डरमध्ये परत ठेवला आणि म्हणाला, "कल."

एवढं बोलायलाही त्याला आता वेळ लागतो. ते का, हे आधी सांगायला हवं.

आम्ही दोघं वऱ्हाडातले. तो अकोल्याचा, मी अमरावतीची. लखनौत येऊन एकतीस वर्षं झाली. तो इथल्या एका संस्थेत पिकांच्या रोगांवर काम करायचा आणि मी एका डिग्री कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे, एरवी 'अरे'. इथल्या शेजारणींना ते कळलं तेव्हा त्या हादरल्या. "आप भाईसाहब को तू बोलती हैं?" इथे लोक दूधवाल्यालाही 'आप' म्हणतात. मी सांगितलं, आमच्याकडे देवालाही तूच म्हणतात. त्यावर त्यांचं समाधान झालं नाही, पण विषय संपला.

तर हा शास्त्रज्ञ माणूस इंग्रजी फार लांब लिहायचा. त्याचं वाक्य म्हणजे एकत्र कुटुंब. पुढच्या खोलीत पाहुणे बसलेले, मधल्या खोलीत चुलत्यांचा संसार, आणि ज्याच्या जिवावर घर चालतं ते क्रियापद पार मागच्या पडवीत एकटं जेवत बसलेलं. त्याचे पेपर छापायला जाण्याआधी माझ्याकडे यायचे. मी वाक्यं तोडायचे, तो ती पुन्हा जोडायचा. "तू म्हणतेस तसं लिहिलं तर पहिलीचं पुस्तक होईल," म्हणायचा. मी म्हणायचे, होऊ दे, निदान कोणी वाचेल तरी. आमची निम्मी भांडणं स्वल्पविरामांवरून झाली असतील. ती भांडणं मला आता फार आठवतात.

आणि वाचल्याशिवाय तो सही करत नसे. कशावरच नाही. हे घर घेतलं तेव्हा रजिस्ट्रीच्या कचेरीत मागे माणसं ताटकळलेली, बाबू घड्याळाकडे बघतोय, आणि हा करारनाम्याचं प्रत्येक पान उलटून वाचतोय. मुलीच्या शाळेचं रिपोर्ट कार्ड वाचल्याशिवाय परत जात नसे. एकदा बाईंच्या शेऱ्यातली चूक दुरुस्त करून मगच सही केली होती, तर मुलगी आठवडाभर शाळेत जायला लाजत होती. विद्यार्थ्यांचा प्रबंध हातात आला की कुठल्याही एका वाक्यावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "इसमें किसने क्या किया?" ज्याला सांगता आलं नाही त्याचं प्रकरण परत. पोरं मला बाहेर गाठून विचारत, मैम, सर का मूड कैसा है. मूड कसला, शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, आणि ह्याचा मारही पुन्हा नऊ ओळींचा.

दाखल्याचं ते पान, जे कोणी वाचत नाही, ते हा दर वेळी वाचायचा. अकरा विद्यार्थी झाले, अकरा वेळा वाचलं.

माझा धंदा ह्याच्या उलटा. माझ्या वर्गातल्या मुली हिंदी माध्यमातून आलेल्या. पाठ्यपुस्तकातलं सहा ओळींचं इंग्रजी वाक्य समोर आलं की त्यांचा चेहरा अनोळखी स्टेशनवर उतरल्यासारखा व्हायचा. त्यांच्यासाठी मी एक रीत बसवली होती. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून मी पट्ट्या करायचे. वाक्याच्या पोटातलं वाक्य ओळखायचं आणि त्यावर पट्टी ठेवायची. उरतं ते आधी वाचायचं: कोण, आणि काय केलं. मग पट्टी उचलून पोटातलं वाक्य एकटं वाचायचं. त्याच्याही पोटात एखादं असलं तर दुसरी पट्टी. बहुतेकींना जमायचं. आणि ज्यांना जमायचं नाही त्या मान हलवायच्या. "जी मैम, समझ गए." ही खोटी मान मला लांबून ओळखू यायची, कारण ती जरा लवकर हलते. वाक्य संपायच्या आत हलते. तीस वर्षांत ही एक विद्या मी कमावली असं मला वाटायचं.

आणि घरात मात्र चार महिने मला ती ओळखू आली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. हॉस्पिटल झालं, फिजिओथेरपी झाली. पाय परत आला, हात परत आला, अगदी सहीसुद्धा पहिल्यासारखी यायला लागली. बोलणं दोन-दोन, तीन-तीन शब्दांचं परत आलं. संस्थेतून त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली. सगळे म्हणायचे, बोलता येत नाही पण समजतं सगळं. मीही तेच म्हणायचे. काहीही सांगितलं की तो मान हलवायचा.

एकदा शेजारच्या भाभींनी त्यांच्या भावाच्या हाती तुरई, म्हणजे आपली दोडकी, पाठवली. शेतातली होती, मोठी पिशवी भरून. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, भाभींचा तो भाऊ दाराशी उभा आहे ना, ज्यानं तुरई आणलीय, त्याला कालची आपल्याकडे राहिलेली पिशवी दे." त्यानं मान हलवली आणि तुरईची भरलेली पिशवी त्याच्या हातात परत दिली. तो बिचारा पिशवी घेऊन उभा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की आम्ही तुरई परत केली. मी हसले, आणि हसता हसता थांबले. त्याची मान मला आठवली. माझं वाक्य संपायच्या आत ती हलली होती.

मग वाचा-उपचार करणारी एक मुलगी घरी यायला लागली. तरुण, हसरी, पिशवीत चित्रांची कार्डं. ती हिंदीत विचारायची. "कुत्ता काला है." हा बरोबर कार्ड उचलायचा. "बिल्ली सफ़ेद है." बरोबर. मग ती म्हणाली, "जिस बिल्ली के पीछे कुत्ता भाग रहा है, वह बिल्ली काली है." ह्यानं काळ्या कुत्र्याचं कार्ड उचललं. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. पुन्हा काळा कुत्रा. "कोई बात नहीं सर, आराम से," ती म्हणाली. त्यानं कार्डं टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि तिच्यापुढे सरकवून दिली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण त्याच्याकडे पाहण्याचं धाडस मला झालं नाही.

जाताना तिनं मला दाराशी समजावलं. शब्द समजतात, छोटं वाक्य समजतं. वाक्यात वाक्य आलं की कोणी कोणाला काय केलं याची गाठ सुटते, आणि मग हातात जे शेवटचं किंवा ओळखीचं लागेल तेवढंच धरून ते चालतात. हिंदीत तसं, इंग्रजीत तसं, मराठीतही तसंच असणार. "आप छोटा-छोटा बोलिए, मैम."

तेव्हापासून मी छोटं-छोटं बोलते. उद्या डॉक्टर. अकरा वाजता. टॅक्सी सांगितली. शर्ट इथे. गोळी घे. पाणी पी. सांगायला सोपं आहे, करून पाहावं म्हणजे कळेल. माणसाचं सगळं बोलणं 'कारण', 'जरी', 'म्हणून' आणि 'जो-तो'वर उभं असतं. ते काढून घेतलं की फक्त हुकूम उरतात. साधा टोमणा मारायचा तरी वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य लागतं. दोन वर्षांत मी नवऱ्याला एक टोमणा मारलेला नाही, आम्ही धड एकदा भांडलेलो नाही. शेजारच्या भाभी म्हणतात, "आप कितने धीरज से बोलती हैं भाईसाहब से!" धीरज कसला डोंबलाचा. मला दिवस मावळेपर्यंत जबडा दुखतो. आमची मुलगी बंगळुरूहून फोन करते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. ती एकदा म्हणाली, "आई, आप मुझसे भी ऐसे ही बोलने लगी हो. खाना खा. सो जा." उत्तर द्यायला मोठं वाक्य लागलं असतं.

अशा माणसापुढे ते नऊ ओळींचं पान आलं होतं.

त्या दिवशी त्या विद्यार्थिनीला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ती तेलीबागला राहते, अख्खं शहर ओलांडून स्कूटीवर यायची. फाटकाशी ती थांबली आणि ओढणीशी चाळा करत म्हणाली, "मैम, दस दिन हैं. सर की बीमारी में दो बार एक्सटेंशन ले चुके हैं. इसके बाद रजिस्ट्रेशन ही ख़त्म हो जाएगा." तिच्या वडिलांनी दोन स्थळं थांबवून धरली होती आणि एका कॉलेजातली नोकरी ह्या पदवीवर अडली होती, हे मला माहीत होतं. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाला सह-गाईड नेमलं होतं, त्याची सही झाली होती. पण नोंदणी ह्याच्या नावानं, तेव्हा ह्याची सही हवीच. विद्यापीठ ऐकत नव्हतं.

ह्या मुलीच्या उपकारांचं माझ्यावर ओझं आहे. नवरा आयसीयूत होता तेव्हा माझी मुलगी बंगळुरूहून येईपर्यंतचे पहिले तीन दिवस बाहेरच्या बाकड्यावर माझ्याबरोबर ही बसली होती. डॉक्टर काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, ती वहीत लिहून घ्यायची. घरून डब्यात खिचडी आणायची आणि समोर बसून, चमचा माझ्या हातात देऊन, खायला लावायची. तिच्या कागदावरची सही अडावी आणि ती आमच्या घरात अडावी, हे मला सहन होणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. तिसऱ्याही. सकाळी चहा झाला की तो जेवणाच्या टेबलावर ते पान घेऊन बसायचा. एके दिवशी स्वयंपाकघरातून पाहते तर त्यानं कपाटातून माझ्या पट्ट्या काढल्या होत्या. लग्नपत्रिकांच्या, सोनेरी गणपती अर्धा कापलेल्या. एक पट्टी ओळीवर ठेवायचा, उरलेलं ओठ हलवत वाचायचा, पट्टी खाली सरकवायचा, पुन्हा वर न्यायचा. ज्यानं आयुष्यभर माझ्या ह्या पट्ट्यांची चेष्टा केली, तो. मी पोळी तव्यावर तशीच टाकून उभी राहिले आणि ती करपली.

"अरे, नेहमीचा दाखला आहे," मी म्हटलं. "तू अकरा सह्या केल्यास."

"वाचून," तो म्हणाला.

सह-गाईडचा फोन आला. "भाभीजी, साइन तो हो जाएगा ना? बस फ़ॉर्मैलिटी है." मी हो म्हटलं. मुलगी रोज फोन करायची नाही, पण रोज सकाळी एक 'गुड मॉर्निंग मैम' पाठवायची आणि पुढे काही नाही. तो मेसेज आला की मी फोन पालथा ठेवायचे. खरं सांगते, एक दिवस मी ते पान विजेच्या बिलांच्या आणि औषधाच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घालून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं गठ्ठ्यातून ते बरोबर बाहेर काढलं, बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून गेले.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा मी मुलीला बोलावून घेतलं. मला खात्री होती की उपाय माझ्याकडे आहे. अडतंय ते इंग्रजी आहे, ते वाक्य आहे. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? मी एक कोरा कागद घेतला आणि त्या नऊ ओळींचा चुरा करून मोठ्या अक्षरांत, मराठीत, एकाखाली एक सहा वाक्यं लिहिली. ही मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. तिनं पुदिन्याच्या रोगावर काम केलं. तिनं सहा वर्षं काम केलं. तिनं कोणाची नक्कल केली नाही. मी तिचं काम पाहिलं. काम चांगलं आहे.

लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं. हे मला पहिल्याच दिवशी का सुचलं नाही, असं वाटलं.

मुलगी सोफ्याच्या कडेवर बसली होती. नवरा टेबलाशी. मी कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "दाखल्यात हेच आहे. वाच. बरोबर असेल तिथे खूण कर."

पहिल्यावर त्यानं खूण केली. दुसऱ्यावर केली. तिसरं वाचून मुलीकडे पाहिलं, हसला आणि खूण केली. चौथ्यावर केली. मला हायसं वाटलं. मी पेढ्यांचा डबा कुठे ठेवलाय ते आठवायला लागले होते.

पाचव्यावर पेन थांबलं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

त्यानं दोन बोटं वर केली. "दोन वर्षं." मग श्वास घेतला, ओठ दोनदा हलले, आणि तो म्हणाला, "मी नाही पाहिलं."

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून इतकं सरळ वाक्य आलं नव्हतं. कर्ता, नकार, क्रियापद, सगळं जागच्या जागी. आणि ते खरं होतं. शेवटची दोन वर्षं, प्रबंधातली मुख्य कामं ज्या काळात झाली ती, हा घरात काळ्या कुत्र्याचं कार्ड उचलत होता. नऊ ओळींच्या त्या वाक्यात 'माझ्या देखरेखीखाली' हे कुठेतरी पाचव्या ओळीत निजलेलं होतं. कोणाच्या डोळ्याला ते खुपलं नसतं. पट्ट्या सरकवत हा आठ दिवस काय शोधत होता ते मला आता कळलं. त्याला सापडत नव्हतं. ते उकरून, इंचभर अक्षरांत, त्याच्या मातृभाषेत, मीच त्याच्यापुढे मांडलं होतं.

"मैम, सर क्या कह रहे हैं?" मुलीनं विचारलं. तिला मराठी येत नाही.

मी म्हटलं, "कह रहे हैं, अच्छा काम है."

तिचा चेहरा उजळला. तिनं हात जोडले. "थैंक यू सर." नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलले ते हिंदी होतं, पण छोटं होतं. त्याला समजलं होतं.

त्यानं पेनाला टोपण लावलं.

मग माझा तोल गेला. दोन वर्षांत गेला नव्हता तो गेला. मी मराठीत बोलले, म्हणजे ओरडलेच. म्हटलं, "जी पोरगी, तू तिकडे नळ्या लावून पडलेला असताना, तुझ्या संस्थेतल्या ज्या लोकांसाठी तू जन्म घातलास त्यातला एकही फिरकला नाही तेव्हा, माझ्याजवळ तीन दिवस त्या बाकड्यावर बसून राहिली, तिच्या सहा वर्षांवर तू, ज्याच्या आजारपणामुळेच तिची दोन वर्षं वाया गेली, अशा एका शब्दासाठी पाणी ओततोयस, जो वाचणारा तुझ्याशिवाय अख्ख्या विद्यापीठात दुसरा कोणी नाही, आणि मी, जिला गेली दोन वर्षं तुझ्याशी एक धड वाक्य बोलता आलेलं नाही, जी तुझी दुखणी काढते आणि वर जगाकडून धीराची म्हणवून घेते, तिनं आता ह्या पोरीला काय तोंड दाखवायचं ते तरी सांग, कारण मी थकले रे. थकले मी."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. माझ्या वर्गातल्या मुली बघायच्या तसा, काहीतरी हाताला लागेल म्हणून. मी बोलत असतानाच मध्ये कुठेतरी त्याची मान हलली. लवकर हलली. मला ती दिसली. दोन वर्षं साठवलेलं मी त्याच्यापुढे रिकामं केलं आणि त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नाही, हे मला बोलता बोलताच कळत होतं.

मुलगी घाबरून उभी राहिली होती.

"थकलीस," तो म्हणाला.

शेवटचं तेवढं त्याच्या हाती लागलं होतं. त्यानं हात लांब करून माझ्या मनगटावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग टोपण काढलं, फोल्डरमधून दाखला बाहेर घेतला आणि सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली तारीख. पुन्हा वाचला नाही. "घे," म्हणाला, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी त्याला थांबवू शकले असते. 'नको' हा शब्द फार छोटा आहे, त्याला सहज कळला असता. मी शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि तो माझ्या हातानं फोल्डरमध्ये ठेवला. मुलगी आम्हा दोघांच्या पाया पडली, डोळे पुसत गेली. प्रबंध वेळेत जमा झाला. पुढे तोंडी परीक्षाही झाली, परीक्षकांनी कामाची स्तुती केली म्हणे, नोकरीही लागली. काम खरोखरच चांगलं होतं. सरांनी त्या दिवशी खरं काय म्हटलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही वाटत नाही.

त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तसा तो देणार तरी कशानं, असं कोणी म्हणेल. पण मला माहीत आहे, त्याला राग आला की दोन शब्द पुरतात. आला नाही. चहा घेतो, फिरायला जातो, कार्डं उचलतो. आता मांजरीचं कधी कधी बरोबरही येतं.

परवा बँकेचा एक फॉर्म सहीला आला, चार पानी, बारीक टाइपाचा. मी तो टेबलावर मांडला, पट्ट्या आणून शेजारी ठेवल्या आणि म्हटलं, "आधी वाच. घाई नाही." त्यानं पट्ट्या हातानं बाजूला सारल्या, पानं न उलटता पेन उचललं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "कुठे?"

मी जागा दाखवली.